सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे आणि पुरुष जननक्षमता

सूक्ष्मजीवांना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी, बहुधा धनभारित असलेली लहान प्रथिने ही शरीराच्या उपजत प्रतिकारयंत्रणेचा भाग असून त्यांना सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे म्हणतात. जीवाणूच्या पटलावरील ऋणभाराकडे ती खेचली जातात आणि पटलाची घडण मोडतात. पुरुषाच्या जननमार्गात ती विपुल असतात; मात्र तेथे त्यांचे काम केवळ राखणदारीचे नाही, शुक्राणूला फलनक्षम करण्यातही त्यांचा वाटा आहे.

वृषणातून बाहेर पडलेल्या शुक्राणूला नीट पोहता येत नाही. सुमारे ६ मीटर लांबीच्या, वेटोळ्या अधिवृषण नलिकेतून (वृषणालगतच्या एपिडिडायमिसमधून) जाताना तो परिपक्व होतो आणि याच प्रवासात बीटा-डिफेन्सिन गटातील पेप्टाइडे त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. उंदरांमध्ये या गटातील नऊ जनुकांचा एक पुंजका काढून टाकला असता नर वंध्य झाले. त्यांच्या शुक्राणूंमध्ये कॅल्शियम वाढले आणि अंड्यापाशी पोहोचल्यावर घडावयाची अग्रपिंड-प्रक्रिया (शुक्राणूच्या डोक्यावरील पिशवी फुटून अंड्याचे आवरण भेदणारी द्रव्ये बाहेर पडणे) अकालीच घडून गेली.

मानवात सर्वांत बोलके उदाहरण बीटा-डिफेन्सिन १२६ चे आहे. या पेप्टाइडाला शर्करांच्या असंख्य शाखा जोडलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांवरील सियालिक अम्ल या ऋणभारित शर्करेमुळे शुक्राणूभोवती दाट ऋणभारित वेष्टन तयार होते (मूळ धनभारित रेणूने असे रूप घ्यावे, हे विलक्षणच). गर्भाशयग्रीवेतील (गर्भाशयाच्या मुखाशी असलेला) चिकट श्लेष्मा भेदून पुढे सरकण्यास हे वेष्टन उपयोगी पडते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या जनुकातील दोन न्यूक्लिओटाइडे (डीएनएचे घटक) गळालेली प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही मिळालेल्या पुरुषांचे शुक्राणू संख्येने व हालचालीने सर्वसाधारण दिसत असूनही श्लेष्मासदृश माध्यमात मागे पडत होते, आणि अशा जोडप्यांना गर्भधारणेस अधिक काळ लागत होता. तरीही ही गळती वंध्यत्वाचे अटळ कारण मानता येत नाही. ती लोकसंख्येत बरीच आढळते आणि असे अनेक पुरुष वडील होतात. नेहमीच्या वीर्यतपासणीत मात्र हा दोष उमगत नाही.

बीटा-डिफेन्सिन १ हे शुक्राणूवरील सीसीआर-६ या ग्राहीशी (रेणू ओळखून संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाशी) निगडित असते. वीर्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या किंवा शुक्राणूंची हालचाल मंदावलेली असलेल्या पुरुषांमध्ये ते कमी आढळले. प्रयोगशाळेत त्याची भर घातल्यावर हालचाल आणि जीवाणूनाशक क्षमता दोन्ही सुधारल्या. अर्थात यावरून औषध हाती आले असे समजणे घाईचे ठरेल.

वीर्यद्रवात कॅथेलिसिडिन या आणखी एका सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडाचे पूर्वरूपही मोठ्या प्रमाणात असते. योनीतील आम्लतेत वीर्यातीलच गॅस्ट्रिक्सिन हे विकर (एन्झाइम) सक्रिय होऊन त्याचे तुकडे करते आणि जीवाणूनाशक पेप्टाइड मोकळे होते. म्हणजे हे शस्त्र संभोगानंतरच उपसले जाते.

शुक्राणूच्या पृष्ठभागावरील एपिन हे प्रथिन जीवाणूरोधी असून वीर्य घट्ट करणाऱ्या सेमेनोजेलिन या प्रथिनाशी बांधले जाते व शुक्राणूची हालचाल आवरते. एपिनविरुद्ध लस दिलेल्या माकडांपैकी बहुतेक नर वंध्य झाले आणि लसीकरण थांबवल्यावर त्यांतील बरेचसे पुन्हा जननक्षम झाले, असे २००४ मध्ये दिसून आले. त्यामुळे पुरुषांसाठीच्या संप्रेरकविरहित गर्भनिरोधकाचे लक्ष्य म्हणून एपिनचा अभ्यास केला जातो.