लाव्ही विमान बंद पडलं, मग त्याचे इंजिनिअर कुठं गेले?

इस्रायलच्या टेक इंडस्ट्रीचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. त्यांनी लाव्ही नावाचं स्वतःचं फायटर विमान बनवायला घेतलं, ते मधेच बंद केलं, हुशार इंजिनिअर रस्त्यावर आले, त्यांनी कंपन्या काढल्या आणि देश मालामाल झाला. ऐकायला भारी वाटतं, पण एवढं सोपं असतं तर कुठल्याही देशानं एखादं विमान अर्धवट बनवून टाकून द्यावं आणि श्रीमंत व्हावं. कॅनडानं 1959 साली जवळपास तेच केलं होतं आणि तिथं झालं ते बरोब्बर उलटं. त्याच्याकडे येतोच, आधी हे लाव्ही प्रकरण काय होतं ते नीट बघू.

सुरुवात होते फ्रान्सपासून. 1967 च्या युद्धाच्या तोंडावर फ्रान्सनं शस्त्रबंदी घातली आणि इस्रायलनं ज्यांचे पैसे भरले होते ती 50 मिराज 5 विमानं त्यांना मिळालीच नाहीत. इथून त्यांच्या डोक्यात बसलं की विमान आपलं आपणच बनवायचं. मग मिराजच्याच डिझाइनवरून नेशर आणि पुढे कफीर ही विमानं इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीज म्हणजे आयएआय या सरकारी कंपनीनं बनवली. पण कफीरमध्ये बसवलेलं जे79 इंजिन अमेरिकन, त्यामुळे 1977 मध्ये इक्वेडोरला कफीर विकायची वेळ आली तेव्हा अमेरिकेच्या कार्टर सरकारनं नाही म्हटलं आणि सौदा अडला. इंजिन ज्याचं, शेवटचा शब्द त्याचा. हे लक्षात ठेवा, पुढे हेच परत येणार आहे.

1980 मध्ये सरकारनं लाव्हीला हिरवा कंदील दिला. मूळ कल्पना साधी होती, जुन्या स्कायहॉक आणि कफीरच्या जागी एक छोटं, स्वस्त, जमिनीवर हल्ला करणारं विमान, आणि त्याला जनरल इलेक्ट्रिकचं एफ404 इंजिन. मग नेहमी होतं तेच झालं, हे पण पाहिजे, ते पण पाहिजे, वजन वाढलं, इंजिन छोटं पडायला लागलं, म्हणून 1981 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीचं जास्त ताकदवान पीडब्ल्यू1120 निवडलं. आणि छोटं स्वस्त विमान बघता बघता थेट अमेरिकेच्या एफ-16 या फायटर विमानाच्या पंगतीत जाऊन बसलं. तशी 300 विमानं बनवायचा प्लॅन होता.

आता त्यातलं विज्ञान, कारण खरी मजा तिथं आहे. जुन्या पद्धतीचं विमान मुद्दाम स्थिर बनवतात. त्याचा गुरुत्वमध्य पंखांच्या उचल देणाऱ्या बिंदूच्या थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे नाक खाली झुकायला बघतं, मग मागची शेपटी खालच्या दिशेनं जोर लावून नाक वर धरते. विमान सरळ राहतं, पण पंख वर उचलतायत आणि शेपटी खाली दाबतेय, म्हणजे निम्मी भांडणं घरातच. लाव्हीमध्ये हे उलटं केलं. गुरुत्वमध्य मागे सरकवला, शेपटीचे आडवे पंख काढूनच टाकले, मागे मोठा त्रिकोणी पंख आणि पुढे कॉकपिटच्या मागच्या बाजूला दोन छोटे पंख, ज्यांना कॅनार्ड म्हणतात. आता पुढचे पंख पण वरच उचलतात, वळताना विमान चपळ होतं आणि त्याच कामासाठी आकार लहान ठेवता येतो.

फक्त एक अडचण आहे, असं विमान मुळातच अस्थिर असतं. तळहातावर काठी उभी धरल्यासारखं, क्षणभर दुर्लक्ष झालं की गेली. पायलटचा हात एवढ्या वेगानं दुरुस्त्या करू शकत नाही, ते काम कॉम्प्युटरनं सेकंदाला अनेक वेळा करायचं असतं. म्हणून लाव्हीमध्ये पायलटच्या दांड्यापासून पंखांपर्यंत दोऱ्या-कप्प्या नव्हत्या, मधे डिजिटल कॉम्प्युटर होते, एकाच वेळी चार समांतर चॅनल चालणार, म्हणजे एखादं बिघडलं तर बाकीचे त्याला गप्प बसवणार. शिवाय सांगाड्याच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा कार्बन फायबरसारख्या कंपोझिटचा. कॉकपिटमध्ये घड्याळांच्या रांगांऐवजी स्क्रीन. आणि नाकात एल्टा कंपनीचा पल्स डॉप्लर रडार, जो जमिनीवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनींच्या गोंधळातून हलणारं विमान वेगळं काढतो, कारण हलणाऱ्या वस्तूवरून आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित बदललेली असते. हा किंचित फरक पकडायला भरपूर गणित लागतं आणि ते गणित उडत्या विमानात, तिथल्या तिथे करायचं असतं.

म्हणजे बघा, वरून ते विमान दिसत असलं तरी आतून लाव्ही हा एक प्रचंड सॉफ्टवेअर आणि सिग्नल प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट होता. देशातल्या तरुण इंजिनिअरांची एक अख्खी पिढी ऐंशीच्या दशकात यावर काम करत करत शिकली, आणि माझ्या मते या प्रोजेक्टचा सगळ्यात मोठा माल तोच, विमान नंतर.

31 डिसेंबर 1986 ला मेनाहेम श्मुल या टेस्ट पायलटनं पहिला लाव्ही उडवला. मार्च 1987 मध्ये दुसरा उडाला. विमान छान होतं, पायलट खूश होते, याबद्दल फारसा वाद नाही. वाद होता पैशांचा. 1984 मध्ये इस्रायलची महागाई वर्षाला 400 टक्क्यांच्या वर गेली होती, 1985 मध्ये सरकारनं कडक आर्थिक उपाय केले, आणि अशा घरात हा पांढरा हत्ती. त्यातून बहुतेक पैसा अमेरिकेच्या लष्करी मदतीतून येत होता. मोशे अरेन्स, जे स्वतः एरोनॉटिकल इंजिनिअर, एमआयटी आणि कॅलटेकमध्ये शिकलेले, आयएआयमध्ये मोठ्या पदावर राहिलेले, त्यांनी वॉशिंग्टनमध्ये खटपट करून ते पैसे लाव्हीवर वापरायची परवानगी मिळवली होती. पण दुसऱ्याच्या पैशावर विमान बनवलं की दुसरा हिशोब मागणारच. पेंटागॉनमधले डोव्ह झाकहाइम कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि म्हणाले एक विमान सव्वादोन कोटी डॉलरच्या जवळपास पडेल, इस्रायली आकडा होता दीड कोटीच्या आसपास. एवढ्या पैशात तयार एफ-16 मिळतं, वर चाचण्यांची कटकट नाही. खुद्द सैन्यप्रमुख दान शोमरॉन पण विरोधात होते, कारण लाव्ही सगळं बजेट खाऊन टाकणार, मग रणगाड्यांना आणि बाकी शस्त्रांना काय उरणार. आणि सैन्यालाच नको असलेलं विमान वाचवणं कुठल्याही देशात अवघडच.

30 ऑगस्ट 1987 च्या रविवारी मंत्रिमंडळात मतदान झालं. रद्द करा म्हणणारे 12, चालू ठेवा म्हणणारे 11, आणि एक तटस्थ. पंतप्रधान यित्झाक शामिर लाव्हीच्या बाजूनं होते तरी हरले, संरक्षणमंत्री यित्झाक राबिन आणि परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस विरोधात. अरेन्सनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आयएआयचे कामगार रस्त्यावर उतरले, टायर जाळले, हायवे अडवले. काही हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. लाव्हीवाले बाहेर पडले आणि स्टार्टअप सुरू झाले, हे खोटं नाहीये. रडारमध्ये गोंगाटातून सिग्नल वेगळा काढण्याचं जे गणित आहे तेच मोबाइलच्या संपर्कात लागतं आणि तेच सोनोग्राफीच्या मशीनमध्ये लागतं, त्यामुळे रडारचा माणूस टेलिकॉम किंवा मेडिकल इमेजिंगमध्ये सहज बसतो. जे आयएआय आणि तिच्या बहीण-भावंड कंपन्यांमध्येच राहिले त्यांनाही काम होतं. सप्टेंबर 1988 मध्ये, म्हणजे रद्द झाल्यावर साधारण वर्षभरानं, ओफेक-1 हा त्यांचा पहिला उपग्रह गेला, तोही पश्चिमेकडे समुद्रावरून सोडलेला, पृथ्वी फिरते त्याच्या विरुद्ध दिशेला, कारण पूर्वेला शेजारी देश. याच सुमारास अमेरिकेबरोबर क्षेपणास्त्र अडवणाऱ्या यंत्रणेचं काम सुरू झालं. लाव्हीसाठी केलेलं रडार-कॉकपिटचं काम जुन्या विमानांमध्ये बसवून द्यायचा मोठा धंदा उभा राहिला, तुर्कीची फँटम विमानं, रोमानियाची मिग-21, अशी म्हातारी विमानं नवे डोळे लावून परत जायला लागली. आज अमेरिकेच्या एफ-35 चे काही पंख आयएआयमध्ये बनतात आणि त्याच्या पायलटच्या हेल्मेटमध्ये एल्बिट या इस्रायली कंपनीची भागीदारी आहे.

पण हे सगळं फक्त लाव्हीमुळे म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. इंटेल तिथं 1974 पासून होती. 1985 च्या उपायांनी महागाई आटोक्यात आली होती. 1989 नंतर सोव्हिएत युनियनमधून लाखो लोक आले त्यात इंजिनिअर ढिगानं होते. 1993 मध्ये सरकारनं योझ्मा योजना काढून व्हेंचर कॅपिटलला, म्हणजे नव्या कंपन्यांमध्ये पैसे घालणाऱ्या फंडांना, हात दिला. म्हणजे लाव्हीची माणसं सुटली तेव्हा त्यांना धरायला बाकीची जमीन तयार होत होती.

कॅनडात ती जमीन नव्हती. तिथं अॅव्ह्रो कंपनीचं ॲरो हे इंटरसेप्टर, म्हणजे शत्रूची विमानं अडवणारं विमान 1958 मध्ये उडालं होतं, त्या काळाच्या मानानं अफाट पुढचं. 20 फेब्रुवारी 1959 ला पंतप्रधान डीफेनबेकर यांनी ते रद्द केलं आणि अॅव्ह्रोच्या साडेचौदा हजारांच्या आसपास लोकांची नोकरी त्याच दिवशी गेली. तयार विमानं कापून भंगारात काढली. ज्यांच्या हाताला देशात काम उरलं नाही ते निघून गेले, त्यातले 32 इंजिनिअर थेट नासामध्ये. जिम चेंबरलिन यांनी तिथं जेमिनी यानाचा प्रोजेक्ट चालवला, ओवेन मेनार्ड यांनी चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या डिझाइनमध्ये मोठं काम केलं. माणूस चंद्रावर उतरला त्यात कॅनडाच्या रद्द झालेल्या विमानाचा वाटा होता, पण फायदा अमेरिकेला झाला, आणि कॅनडानं त्यानंतर स्वतःच्या डिझाइनचं फायटर विमान कधी केलंच नाही. बाय द वे, इस्रायलनंही केलं नाही, तेसुद्धा आज अमेरिकन विमानंच विकत घेतात. हे त्या गोड गोष्टीत कोणी सांगत नाही.

लाव्हीची एक शंकास्पद शाखा चीनकडे जाते. 1998 मध्ये उडालेलं जे-10 दिसायला लाव्हीसारखं, पुढे कॅनार्ड मागे त्रिकोणी पंख, त्यामुळे इस्रायलनं तंत्रज्ञान दिलं असा आरोप अमेरिकेत बराच झाला, इस्रायल आणि चीन दोघांनीही तो नाकारला. नुसत्या दिसण्यावरून निष्कर्ष काढू नये असं मला वाटतं, हवा सगळीकडे सारखीच असते, तोच प्रश्न सोडवायला गेलं की आकार पण सारखे येतात.

आपल्याकडे येणारी शाखा मात्र उघड आहे. एल्टानं लाव्हीसाठी रडारचं जे काम केलं त्याच घराण्यातला ईएल/एम-2032 हा रडार भारतीय नौदलाच्या सी हॅरियरमध्ये बसवला गेला. ही विमानं गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावर असायची, 2016 मध्ये निवृत्त झाली, त्यातलं एक बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात बघायला मिळतं. तेजस मार्क 1 मध्ये पण 2032 च आहे. आणि तेजसचं इंजिन कुठलं, तर एफ404, लाव्हीला छोटं पडलं म्हणून बाजूला ठेवलेलं तेच. आपलं कावेरी इंजिन तेजससाठी जमलं नाही म्हणून हे घ्यावं लागलं. ओझरला एचएएलच्या नाशिक कारखान्यात बनलेलं पहिलं तेजस मार्क 1ए ऑक्टोबर 2025 मध्ये उडालं, तोपर्यंत अमेरिकेकडून इंजिनं उशिरा येतात म्हणून हवाई दलाच्या डिलिव्हरीच्या तारखा पुढे पुढे सरकत गेल्या होत्या.