फोटोतला ग्लो आला कुठनं?

नवरात्र जवळ आलं की आमच्या फोटो स्टुडिओच्या दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "चेहऱ्यावर जरा ग्लो मारा". तालमीचा बॅनर असूदे, साखरपुड्याचा फोटो असूदे, बाळाच्या बारशाचा असूदे, ग्लो पाहिजेच. आता मोबाईलवर एका बोटात तो मिळतो म्हणून नवीन पोरांना वाटतं ही अॅपवाल्यांनी काढलेली गोष्ट आहे, पण तसं नाही, ही लई जुनी गोष्ट आहे आणि त्यात खरं म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात.

पहिली म्हणजे प्रभावळ. गांधार आणि मथुरेच्या बुद्धमूर्तींच्या डोक्यामागं गोल तेजोवलय आहे, मुघल चित्रांत जहांगीराच्या मागं सोनेरी वलय आहे, आणि १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाल्यावर देवांच्या छापील तसबिरी घराघरात पोचल्या, तिथंही डोक्यामागं वलय आहेच. पण नीट बघा, या वलयाचा उजेड कानावर पडत नाही, खांद्यावर पडत नाही. हा माणूस मोठा आहे, हा देव आहे, एवढंच ते सांगतं. ती खूण आहे, उजेड नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे खरा पडलेला उजेड, आणि तो कसा असतो हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात आणि परत जानेवारीच्या शेवटी अंबाबाईचा किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी पायावर, मग कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. तो उजेड पांढरा नसतो, पिवळट केशरी असतो, कारण मावळताना सूर्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातनं येतो आणि त्यातला निळा वाटेतच विखुरतो. मी लहानपणापासनं ते बघत आलोय आणि आजही एडिटिंगला बसलो की रंग निवडताना तेच डोळ्यासमोर येतं.

आपल्या गावात उजेडावर काम करणारी माणसंही मोठी झाली. बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदे रंगवायचे, मग स्वतः कॅमेरा बनवला, १९२० ला 'सैरंध्री' हा सिनेमा केला आणि १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम लाईट वापरले. चित्रकाराचा डोळा कॅमेऱ्यामागं आला की उजेड कुठनं येतोय हा प्रश्न आपोआप येतोच. त्यांच्याच कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, ती १९३३ ला पुण्याला गेली.

स्टुडिओवाल्यांचं काम वेगळं. आमचे काका निगेटिव्हला टचिंग करायचे. उतरतं लाकडी डेस्क, खाली आरसा, वर काचेवर निगेटिव्ह, आणि सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. निगेटिव्हवर पेन्सिल धरावी म्हणून आधी एक चिकट औषध चोळायचं, मग बारीक बारीक ठिपके. निगेटिव्हवर जिथं काळं कराल तिथं प्रिंटवर उजळ येतं, म्हणजे गालावर ग्लो पाहिजे तर गाल काळा करत जायचा, सगळं उलटं डोक्यात ठेवून. लग्नाच्या फोटोला ते लेन्सपुढच्या फिल्टरवर कडेकडेनं व्हॅसलीन लावायचे आणि मधे चेहऱ्यापुरती जागा स्वच्छ ठेवायची, मग डोळे शार्प आणि बाकीचा उजेड पसरल्यासारखा. काही लोक लेन्सवर पातळ स्टॉकिंग ताणून बांधायचे, तत्त्व तेच.

फिल्मच्या रोलमध्ये तर ग्लो नको असताना यायचा. जोराचा उजेड इमल्शनमधनं, म्हणजे फोटो उमटतो त्या थरातनं, आरपार जाऊन मागच्या बेसवर, म्हणजे फिल्मच्या प्लॅस्टिकवर, आपटायचा आणि परत यायचा, त्यामुळं दिव्याभोवती धूसर गोल दिसायचा, त्याला हॅलेशन म्हणतात. ते थांबवायला कंपन्या फिल्मच्या मागं वेगळा काळपट थर देत होत्या. आज तोच गोल लोक मुद्दाम टाकतात, आणि मला तो आवडतो, कारण तो खऱ्या दिव्यापासनं निघालेला असतो.

१९८० च्या दशकात कॅनडाच्या मायकेल ऑर्टन या फोटोग्राफरनं दोन ओव्हरएक्सपोज, म्हणजे जादा उजेडानं फिक्या पडलेल्या, स्लाइड एकावर एक ठेवल्या, एक शार्प आणि एक आऊट ऑफ फोकस, आणि त्यातनं जो स्वप्नाळू ग्लो आला त्याला आजही ऑर्टन इफेक्ट म्हणतात. ब्लर केलेला डुप्लिकेट लेयर, म्हणजे त्याच फोटोची पारदर्शक कागदासारखी दुसरी प्रत, वर ठेवून आपण जे करतो ते त्याचंच रूप.

फोटोशॉप १९९० ला आलं, थॉमस आणि जॉन नॉल या भावांचं. पण लेयर आले १९९४ ला तिसऱ्या व्हर्जनमध्ये, त्याआधी सगळं एकाच चित्रावर करावं लागायचं. आणि १९९८ च्या पाचव्या व्हर्जनमध्ये आऊटर ग्लो आला, एका क्लिकवर कडेनं उजेड. हा आऊटर ग्लो म्हणजे आपली प्रभावळ, आकाराभोवती सगळीकडं सारखा. खरा उजेड पाहिजे तर स्क्रीन मोड, म्हणजे वरचा लेयर खालच्या चित्रात मिसळायची एक पद्धत. एकाच पडद्यावर दोन प्रोजेक्टर मारल्यासारखा तो चालतो, फक्त फाटत नाही, म्हणजे एकदम पांढरा पडत नाही. उजेडाचं माप ० ते २५५ असतं, त्यात १२८ वर १२८ टाकलं तर २५६ होत नाही, १९२ च्या आसपास थांबतं, म्हणून गालाचा पोत शिल्लक राहतो.

हा फरक मला एका आजींनी शिकवला. नातीच्या लग्नाच्या फोटोत खिडकी उजवीकडं होती आणि मी ग्लो डावीकडनं मारला होता. त्यांनी प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "अरं बाळा, उजेड हिकडनं आन् सावली बी हिकडंच कशी रं?" मी ती प्रिंट परत घेतली आणि सगळा लेयर काढून नव्यानं केलं.

तेव्हापासनं मी आधी फोटोत दिवा शोधतो. समई असो, खिडकी असो, मंडपातला हॅलोजन असो, आयड्रॉपरनं, म्हणजे फोटोतला रंग उचलायच्या टूलनं, रंग त्यातनंच उचलतो, नवा लेयर स्क्रीनवर ठेवतो, मऊ ब्रश, फ्लो म्हणजे ब्रशातनं रंग सुटायचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, आणि दिव्याच्या बाजूची कपाळाची कड, नाकाची धार, नथीचा मोती, एवढंच हळूहळू उजळत आणतो. दुसऱ्या गालाला हात लावत नाही.