मल्टिजेटची ‘लाइफटाइम’ चेन: पार्श्वभूमी

मल्टिजेट इंजिनाची जुनी डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर घ्यायला निघालेल्याला गॅरेजवाला बॉडी, टायर, कागदपत्रे यांच्याही आधी एक गोष्ट विचारतो: चेन झालीय का? म्हणजे इंजिनातली टायमिंग चेन बदलली आहे का. ही चेन क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची) गती कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) नेते; कित्येक इंजिनांत हे काम रबरी बेल्ट करतो. या गाड्या नव्या होत्या तेव्हा हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. माहितीपत्रकात चेन ‘लाइफटाइम’ असल्याचे छापले होते, आणि बेल्ट बदलण्याच्या खर्चातून सुटका हा विक्रीचा मुद्दा होता.

इंजिनाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. इटलीतली आणि अमेरिकेतली अशा दोन मोठ्या कंपन्यांच्या भागीदारीतून 2003 मध्ये हे 1248 सीसीचे कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून इंधन देणारे) डिझेल आले. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, मोठा इंधनदाब, आणि एका स्ट्रोकमध्ये डिझेलचे अनेक छोटे फवारे. ‘मल्टिजेट’ हे नाव त्या फवाऱ्यांवरूनच पडले. 2005 मध्ये भागीदारी मोडली, पण इंजिन दोन्ही घरांत राहिले. भारतात 2007 मध्ये ते स्विफ्टमध्ये बसले, आणि मग डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, लिनिया, पुन्टो, अर्टिगा अशी रांगच लागली. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होऊ लागले. बॉनेटवरची नावे वेगळी, आत इंजिन एकच. ‘भारताचे राष्ट्रीय डिझेल इंजिन’ ही थट्टा त्यातूनच निघाली.

खरी गोष्ट सुरू होते ती 2010 ते 2014 या काळात. पेट्रोलचे दर सुटे झाले होते, डिझेलला मात्र सरकारी आधार होता. 2012 च्या उन्हाळ्यात दोन्हींच्या दरात लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. ज्याचे रोजचे धावणे जेमतेम 15 किलोमीटर, त्यानेही डिझेल गाडी बुक केली आणि कित्येक महिने थांबून घेतली. जानेवारी 2013 पासून डिझेल टप्प्याटप्प्याने महागत गेले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये दर पूर्ण खुले झाले. तोवर लाखो गाड्या अशा लोकांच्या दारात उभ्या होत्या, ज्यांना डिझेलची गरजच नव्हती. हा मुद्दा अर्थकारणाचा वाटतो, पण चेनचा प्रश्न पुढे इथूनच वर आला.

आता ‘लाइफटाइम’ या शब्दाकडे. कुणाचा लाइफटाइम? ग्राहकाने अर्थ घेतला गाडीचा: भंगारात जाईपर्यंत चेनकडे बघायचे नाही. इंजिन घडवणाऱ्यांचा अर्थ वेगळा होता. यांत्रिक भागांना हात न लावता 2,50,000 किलोमीटर, हे त्यांचे उद्दिष्ट होते. म्हणजे ‘लाइफटाइम’ला एक आकडा होता. शिवाय त्यामागे ठरलेले तेल, ठरलेल्या वेळी आणि पूर्ण पातळीपर्यंत, ही अटही होती. विक्रीच्या टेबलापर्यंत येताना आकडा गळला, अट गळली आणि शब्द तेवढा उरला. सर्व्हिस शेड्यूलमध्येही चेन बदलण्याची ओळ नव्हती, त्यामुळे बदलायची नाही म्हणजे तपासायचीही नाही, असा सोयीचा अर्थ सर्व्हिस ॲडव्हायझरनेही काढला. दोष डिझाइनचा की वापरणाऱ्याचा, हा वाद अजून चालतो. उघडलेली इंजिने पाहिली तर दोषाचे माप तेलाकडे आणि त्या शब्दाकडे अधिक झुकते, चेनच्या धातूकडे कमी.

कारण यंत्रणेतच आहे. चेन एकपदरी आहे. तिला ताण देणारा टेन्शनर हायड्रॉलिक आहे, म्हणजे त्याची ताकद इंजिन ऑइलच्या दाबातून येते. चेन ‘ताणते’ असे म्हणतात, पण लोखंड रबरासारखे ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) झिजतात, आणि शंभराहून अधिक जोडांची ती सूक्ष्म झीज बेरजेने काही मिलिमीटरवर जाते. डिझेलची काजळी तेलात उतरली की तेच तेल पॉलिश पेपरचे काम करते. जुनी आणि नवी चेन शेजारी धरून दोन्ही आडव्या, कड्यांच्या बाजूने वाकवून पाहाव्यात. नवी जवळजवळ सरळ राहते, झिजलेली धनुष्यासारखी वाकते.

त्यात या इंजिनात तेल मुळातच थोडे, फिल्टरसह साधारण तीन लिटर. अर्धा लिटर कमी झाले तर सहावा हिस्सा गेला, आणि उरलेल्या तेलावर उष्णता आणि काजळी दोन्हींचा भार वाढला. डॅशबोर्डवरचा लाल तेलदिवा पातळी नव्हे, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत टेन्शनर बराच काळ अर्धपोटी असतो. म्हणून सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पंधरा दिवसांतून एकदा डिपस्टिक पाहणे हाच खरा उपाय. गतिरोधकावर चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) घासल्यावर तर लगेच.

तेल बदलण्याच्या अंतराचा घोळ वेगळाच. युरोपात याच इंजिनाला 30,000 किलोमीटरपर्यंतचे अंतर दिले जात होते, भारतात गाडीनुसार 10,000 ते 15,000. भारताचे अंतर कमी म्हणून सुरक्षित, असे वाटते. पण इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. महामार्गावर ताशी 60 च्या सरासरीने 10,000 किलोमीटर म्हणजे 167 तास. सिंहगड रोड किंवा अंधेरीच्या गर्दीत ताशी 15 ने तेच 10,000 म्हणजे 667 तास, चौपट. वर रोजचे थंड स्टार्ट, आणि इंजिन पुरते तापण्याआधीच संपलेला प्रवास. टुरिस्ट परमिटवरच्या डिझायर मूळ चेनवर तीन लाख ओलांडतात आणि सोसायटीत उभी असणारी, एका हातातली, ‘कमी चाललेली’ गाडी लाखाच्या आसपास खळखळू लागते, त्यात चमत्कार काही नाही. शहरातल्या गाडीला 5W-30 सिंथेटिक तेल 7,000 ते 8,000 किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, बदलावे.

लक्षणे ठरलेली आहेत. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारला की पहिले दोन-तीन सेकंद टायमिंग कव्हरच्या बाजूने सुकी खळखळ येते आणि तेल चढले की थांबते. पुढे स्टार्टिंग लांबते, आणि क्रँक व कॅम यांचा मेळ नसल्याचा P0016 हा कोड स्कॅनरवर येतो. त्याही पुढे चेन दात सोडते किंवा तुटते. मग रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे छोटे दांडे) तुटतात. नशीब बरे असेल तर व्हॉल्व्ह वाचतात, नसेल तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते. खळखळ ऐकू आल्यावर जाड तेल टाकून ती दाबणे हा सगळ्यात महागात पडणारा उपाय, कारण थंड स्टार्टला जाड तेल टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते.

काम करायचे तर पूर्ण किट घ्यावे: चेन, दोन्ही बाजूंचे गाइड (चेन सरकते त्या पट्ट्या), टेन्शनर, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके), सील. नुसती चेन बदलून जुन्या स्प्रॉकेटवर चढवली तर झिजलेले दात नव्या चेनलाही खातात. इंजिनाला खालून आधार देऊन माउंटिंग सोडावे लागते, चेंबर आणि टायमिंग कव्हर उतरते. क्रँक आणि दोन्ही कॅम लॉकिंग पिनांनी अडकवल्याशिवाय जुनी चेन सोडू नये. व्हाइटनरच्या खुणांवर भागवणारे गॅरेज टाळावे. टेन्शनर मोकळा केल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पिना पुन्हा सहज बसतात का, ते पाहावे. बसल्या नाहीत तर स्टार्टरला हात लावू नये. चेंबर लावताना गॅसकेट गमची रेघ बारीक ठेवावी. आत पिळून निघालेला गम सुटून तेलाच्या जाळीवर बसतो, दाब पडतो, आणि नवी चेन जुन्यापेक्षा लवकर जाते.

बाकीच्या तक्रारी मानाने साध्या. ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा) काजळीने अडकतो, पिकअप जातो, काळा धूर येतो. तो उतरवून साफ केला की बहुधा भागते. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळू लागला की चकचक आवाज येतो आणि भोवती डांबरासारखा थर साचतो. इंजेक्टर काढला की वॉशर नवाच घालायचा. नवा इंजेक्टर बसवला तर त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरायचा, नाहीतर आयडलिंग खडबडीत राहते. 75 पीएसच्या आवृत्तीत 190 न्यूटन मीटर टॉर्क 2000 आरपीएमला मिळतो, त्याखाली गाडी सुस्त. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर चालवण्याची सवय लागते आणि क्लच प्लेट जळते.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि भारतातल्या नव्या गाड्यांतून हे इंजिन बाहेर पडले. छोट्या डिझेलला नव्या मर्यादेत बसवण्याचा खर्च निघणार नव्हता. आता राहिला तो जुना बाजार. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या गाड्याही एनओसी (आरटीओचे ना-हरकत पत्र) घेऊन इतर राज्यांत उतरतात, आणि त्यांच्या मीटरवरच्या आकड्यावर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. म्हणून पाहायला जाण्याची वेळ आदल्या दिवशी ठरवावी आणि सकाळी गाडी सुरू करू नका असे मालकाला सांगून ठेवावे. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. कोमट लागले तर त्या दिवशी चेनचा आवाज ऐकू येणार नाही. दुसरी वेळ घ्यावी.