जुन्या गाडीच्या हूडमधून पाणी का गळतं, आणि आम्ही त्यावर काय करतो
(जीप, मॉरिस आणि कापडी टपाच्या इतर गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

मे महिना संपत आला की दुकानात रोज एकच मागणी येते: "हूडला वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारून द्या." स्प्रे आम्ही मारतो, पण ते सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत सोपं काम आहे. हूड कोणत्या कापडाचं आहे, ते किती मळलंय आणि पाणी नेमकं कुठून येतंय, हे आधी बघावं लागतं. ते न बघता मारलेला स्प्रे पहिल्या मोठ्या सरीत निरुपयोगी ठरतो.

सोलापुरात कापडाबद्दल फार समजावून सांगावं लागत नाही. नवा टर्किश टॉवेल पहिल्या धुण्यापर्यंत नीट पाणी टिपत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे. कारखान्यात त्याला मऊपणासाठी जे फिनिश दिलेलं असतं, ते धाग्याला पाण्यापासून दूर ठेवतं. दोन-तीनदा साबणाने धुतलं की फिनिश जातं आणि टॉवेल पाणी प्यायला लागतो. हूडचंही असंच होतं. फरक इतकाच, की टॉवेलचं फिनिश जावं असं आपल्याला वाटतं आणि हूडचं टिकावं असं.

आपलं हूड कोणतं?

जुन्या जीपवर बहुतेक वेळा सुती कॅनव्हास असतं. ते घट्ट विणलेलं असतं आणि भिजलं की धागे फुगून मधली भोकं बुजतात. म्हणून नवं कॅनव्हास चढवल्यावर आम्ही ते एकदा पूर्ण भिजवून गाडीवरच ताणून वाळवतो. चादरीसारखं तेही पहिल्या पाण्यात आटतं. जे आटायचं ते तेव्हाच आटून जावं. पाऊस चालू असताना अशा हूडला आतून हात किंवा डोकं लावू नका. जिथे स्पर्श होतो तिथूनच पाणी पाझरायला लागतं.

परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्यांवर नंतर चढवलेलं चांगलं हूड तीन थरांचं असतं: वर विणलेलं कापड, मध्ये रबर, आत अस्तर. दोन कापडांमध्ये रबर घालायची ही युक्ती चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली पेटंट केली होती. यात पाणी अडवतं ते मधलं रबर. मग वरच्या कापडाला स्प्रे कशासाठी? कारण वरचं कापड भिजून राहिलं तर ओल शिवणीपर्यंत सरकते, बुरशी धरते आणि काही वर्षांत थर एकमेकांपासून सुटतात.

तिसरं रेक्झिनचं हूड. त्यातून पाणी जातच नाही. गळतं ते टाक्यांतून किंवा घडीवरच्या चिरांतून. रेक्झिनला कापडाचा स्प्रे मारायला सांगू नका, आम्ही नकोच म्हणू.

आधी धुणं

आमच्या कामाचा निम्मा वेळ यातच जातो. काळ्या मातीची बारीक धूळ विणीत बसते आणि ओल धरून ठेवते. ती आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडायची. गाडी वरातीत किंवा गणपतीत फिरली असेल तर गुलालावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. भिजला की रंग धाग्यात उतरतो. कोरडाच झाडा, उरलेला व्हॅक्यूमने ओढा.

मग कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, आणि त्यानंतर भरपूर खळबळणं. साबणाचा अंश कापडात राहिला तर तोच पाण्याला आत ओढतो. सुरुवातीच्या काळात आमच्या हातून ही चूक झाली आहे: घाईत कमी खळबळलेल्या हूडवर स्प्रे मारला आणि आठ दिवसांत ग्राहक भिजलेली सीट दाखवायला आले. ते काम आम्ही पैसे न घेता पुन्हा केलं. तेव्हापासून फेस पूर्ण थांबेपर्यंत आम्ही पाणी ओततो. नळाला रोज पाणी येत नाही हे आम्हाला माहीत आहे, तरी घरी धुणार असाल तर साबणाला एक बादली आणि खळबळायला चार बादल्या, असा हिशोब ठेवा. बोअरचं जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्या. प्रेशर पंप मात्र नको, तो टाके उसवतो.

हूड वाळवायचं ते चढवून, क्लिपा लावून, ताणलेलं. आपल्या उन्हात कापड दोन तासांत कोरडं वाटतं, पण शिवणी आतून ओल्या असतात. म्हणून आम्ही पूर्ण दिवस थांबतो.

शिवणी आणि रबर

गळतीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं कापड धड असतं. सुईच्या भोकातून पाणी येतं, किंवा उन्हाने सुती दोरा कुजलेला असतो. तिथे आम्ही पॉलिस्टरच्या दोऱ्याने पुन्हा शिवतो आणि शिवणीला आतून सीलर लावतो. काच-फ्रेमवरचं आणि दारांचं रबर कडक झालं असेल तर ते बदलावंच लागतं. हूडला कितीही लेप द्या, पाणी रबरातूनच येणार.

त्यानंतर स्प्रे. काचा आणि रंग झाकून, सावलीत, दोन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ देऊन. कापडाच्या हूडला आम्ही फ्लोरोकार्बनचा (पाणी झटकणाऱ्या रसायनाचा) वापरतो, जुन्या सुती कॅनव्हासला काही वेळा मेणाचा.

हात जोडून विनंती: गच्चीचं वॉटरप्रूफिंग हूडवर फासू नका. ते कडक होतं आणि घडीवर तडकतं. डिझेल-मेणाचा घरगुती लेपही नको. रबर फुगतं, वास जात नाही, आणि आगीचा धोका राहतो. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन शिवणीवर भरलं, तर नंतर त्यावर काहीच चिकटत नाही.

कधी आणायची?

मृगाआधी आणा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि हस्ताच्या सरी आडव्या येतात. गणपतीच्या आधी एकदा हूडवर वाटीभर पाणी ओता. थेंब गोळा होऊन घरंगळले तर ठीक. कापड गडद पडलं तर गाडी घेऊन या.

ओलं हूड कधीही घडी करून ठेवू नका. मागची प्लास्टिकची काच पेट्रोलने पुसू नका, आणि घडी करताना तिच्यामध्ये मऊ फडकं ठेवा.

गाडी आमच्याकडे चार दिवस ठेवावी लागते. हूड चढवलेलं असू द्या, आणि गळणाऱ्या जागी आतून खडूने खूण करून आणा. पाऊस चालू असतानाच ती जागा सर्वांत अचूक कळते. सुती कॅनव्हासवर मात्र खूण ते वाळल्यावरच करा.