स्टिरॉइडचं मलम: काजू उतला तर चालेल, नायट्याला नको

ओले काजूगर काढायचे दिवस आले की वेंगुर्ल्याकडे बायकांचे हात बघा, राख लावा, खोबरेल लावा, तरी सालातला चीक उततोच, म्हणजे कातडीला बाधतोच. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, त्यामुळे कोणाला आंब्याचा चीकही सोसत नाही. गंमत म्हणजे अ‍ॅलर्जीवाला त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी हात लाल होतो, पाणी भरलेले फोड येतात आणि खाज अशी की झोप नाही.

आमच्या काकीला डॉक्टरांनी यावर स्टिरॉइडचं मलम दिलं आणि ते बरोबरच होतं. चीक त्वचेत गेला की शरीराची फौज नको तेवढी चवताळते, सूज त्याचीच. स्टिरॉइड पेशीच्या आत शिरून सूज आणणारी रसायनं बनवणारे जीन्सच गप्प करतं. काकी खूश, "ह्यां मलम बरां हा, दोन दिसांत खाज गेली बघ!"

घोळ पुढे झाला. पावसात कपडे धड वाळत नाहीत, कमरेला नायटा उठला आणि काकीने तीच ट्यूब काढली. खाज इथेही गेली. पण नायटा म्हणजे बुरशी, आणि तिच्याशी लढणाऱ्या फौजेलाच आपण झोपवलं, मग ती आरामात पसरली. महिन्याभराने डाग एवढा विचित्र दिसत होता की नायटा म्हणून पटकन ओळखूही येईना. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी ट्यूब घरोघर फिरतेच, शेजारीण देते, मुंबईचा भाचा आणतो.

डॉक्टरांकडच्या त्याच फेरीत दुसरी भानगड कळली. सांधेदुखीसाठी काकी कुठूनतरी पुडीतल्या गोळ्या आणून चार महिने रोज दोन घेत होती, तोंड गोल झालेलं आणि आम्ही म्हणतोय तब्येत सुधारली! बीटामेथासोन निघालं, म्हणजे हेही स्टिरॉइडच, अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी. अर्धा म्हणजे काहीच नाही वाटतं ना, पण ती प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडच्या जवळजवळ 4 मिलिग्रॅमएवढी, आणि शरीर दिवसभरात स्वतः जे कॉर्टिसोल, म्हणजे आपलं घरचं स्टिरॉइड, बनवतं ते साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं.

सांध्यांना आराम पडला हे खोटं नाही. 1948 मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली, 1950 ला नोबेलही मिळालं. पण जास्त दिवस घेतलं तर साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, हे सगळं नंतर लक्षात येत गेलं.

आणि घाबरून एकदम बंदही करायचं नाही हां! बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर किडनीवरच्या ग्रंथी काम सोडून बसतात. गोळी अचानक थांबली की उलट्या, गळाठा, बीपी एकदम खाली, जिवावरही बेतू शकतं. पाच-सात दिवसांच्या कोर्सला सहसा ही भीती नसते, महिनोन्‌महिने घेतलेली गोळी मात्र डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

याउलट दम्याचा पंप. त्यात स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट श्वासनळीत, नंतर फक्त चूळ भरायची. पण लोक पंपाला घाबरतात आणि पुडी बिनधास्त गिळतात, काय बोलायचं!

काकीचा डोस आता उतरवतायत, सकाळी नाश्त्यानंतर एकच. सांधे पुन्हा धरलेत, चिडचिड करते, साखरेसाठी महिन्याला रक्त तपासतो. नायट्याचं औषध वेगळं चालू आहे, आणि ती जुनी ट्यूब मी तिच्या कपाटातून उचलून आणलीय.