धरणातली बोट आणि ६० ओहमची तपासणी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणात गाळ किती साचला हे बोटीतून मोजायचं तर किमान दोन यंत्रं लागतात: खोली सांगणारा इको साउंडर आणि जागा सांगणारा जीपीएस. खोली १२ मीटर भरली, पण नेमकी कुठे, हे कळलं नाही तर तो आकडा कशाच्याच कामाचा नाही. ५ नॉट वेगाने बोट सेकंदाला साधारण अडीच मीटर सरकते. म्हणजे खोली आणि जागा यांची जुळणी एका सेकंदाने चुकली, की तळातला खड्डा नकाशावर अडीच मीटर बाजूला जातो.

ही जुळणी व्हावी म्हणून यंत्रं तारेवरून एकमेकांशी बोलतात. जुन्या यंत्रांची भाषा एनएमईए ०१८३. वेग सेकंदाला ४८०० बिट. एक यंत्र बोलतं, बाकीची नुसती ऐकतात. एकाच तारेवर दोन बोलणारी जोडली तर दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पडद्यावर खोलीच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. तिथे मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे दोघांच्या ओळी एकामागून एक पुढे पाठवणारी पेटी, हवाच.

नव्या यंत्रांच्या भाषेची, एनएमईए २००० ची, गोष्ट वेगळी. तिचा पाया कॅन बस, म्हणजे अनेक यंत्रांना तारांच्या एकाच जोडीवर बोलू देणारी पद्धत. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ती मोटारींसाठी जाहीर केली. त्यामुळे सातपूर-अंबडकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला पिळाच्या तारांची ही जोडी अनोळखी नाही. इथे सगळी यंत्रं एकाच तारेवर, सेकंदाला २,५०,००० बिट वेगाने बोलतात. दोघांनी एकदमच तोंड उघडलं तर? प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला एक क्रमांक असतो. तारेवर ० हा १ ला दाबतो, म्हणून लहान क्रमांकाचा संदेश जसाच्या तसा पुढे जातो. दुसरं यंत्र तेवढ्यापुरतं गप्प बसतं आणि मग पुन्हा प्रयत्न करतं. टक्कर होते, पण माहिती वाया जात नाही. अशी सोय माणसांच्या बैठकीतही नाही!

जोडणीत एक मुख्य केबल असते. तिच्यावर टी-कनेक्टर आणि प्रत्येक टी पासून यंत्रापर्यंत फाटा; फाटा ६ मीटरपेक्षा लांब नको. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रोधक, लागतो. धरणाच्या भिंतीवर आदळून लाट माघारी येते, तसा उघड्या टोकावरून सिग्नल परततो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. टर्मिनेटर त्याला तिथेच जिरवतो. छोट्या बोटीवर एक टर्मिनेटर राहून गेला तरी काम चालल्यासारखं वाटतं. खरा ताप तोच, कारण बिघाड मधूनच उगवतो आणि दोष चांगल्या यंत्रावर जातो.

म्हणून आधी वीज बंद करून मल्टिमीटर पांढऱ्या आणि निळ्या, म्हणजे सिग्नलच्या, तारांत लावावा. ६० ओहम आले तर ठीक. १२० म्हणजे एक टर्मिनेटर गायब किंवा केबल मध्येच तुटलेली. ४० म्हणजे कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट.

वीज एकाच जागी द्यावी, शक्यतो मधोमध, फ्यूज घालून. लांब टोकाला व्होल्टेज ९ च्या खाली गेलं की यंत्रं एकेक करून बंद पडू लागतात. इंजिन सुरू करताना बॅटरी खचते, तेव्हा हे हमखास दिसतं.

जुनं यंत्र नव्या जाळ्यात आणायचं तर कन्व्हर्टर लागतो. तारेला तार जोडून भागत नाही. बोटीवर दोन जीपीएस असतील (इको साउंडरमध्ये पुष्कळदा एक आतच असतो) तर प्लॉटरच्या (नकाशावर जागा दाखवणाऱ्या पडद्याच्या) सेटिंगमध्ये एकच स्रोत निवडावा, नाहीतर जागा इकडून तिकडे उड्या मारते. जीपीएसचा अँटेना आणि ट्रान्सड्यूसर (इको साउंडरचा पाण्यात आवाज सोडणारा भाग) यांमधलं अंतर टेपने मोजून सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावं. ते सोडून दिलं, तर बोट जाताना मोजलेला खड्डा आणि परत येताना मोजलेला खड्डा एकमेकांवर बसत नाहीत.