माणूस समोर आला तर? भुयारी खाणीतल्या चालकरहित वाहनांच्या सुरक्षेची पार्श्वभूमी

चालकरहित वाहन म्हटलं की अडथळा दिसताच आपणहून थांबणारं यंत्र डोळ्यांपुढे येतं. भुयारी खाणींत मात्र ही जबाबदारी यंत्राकडे फार उशिरा आली. कित्येक दशकं सगळी भिस्त एकाच नियमावर होती: यंत्र चालू असेल तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही.

1960च्या दशकात लोड-हॉल-डम्प, म्हणजे एलएचडी, ही बुटकी, लांबट लोडर यंत्रं खाणीत आली. छताला आधार नसलेल्या स्टोपमधून, म्हणजे खोदून काढलेल्या पोकळीतून, धातुक (धातू असलेला दगड) उचलायची वेळ आली की चालकाच्या जिवाला घोर लागायचा, म्हणून पुढे रिमोट आला. चालक खाली उतरायचा, रिमोटचा डबा अंगावर अडकवायचा आणि यंत्र नजरेत राहील अशा जागी उभा राहायचा. डोक्यावर दगड कोसळण्याची भीती गेली. पण आता तो अरुंद बोगद्यात पायी उभा होता आणि भरलेलं यंत्र त्याच्याच दिशेने परत येत होतं. आपणच चालवत असलेल्या यंत्राखाली किंवा यंत्र आणि भिंतीच्या मध्ये सापडून ऑपरेटरचे जीव गेले. या विषयाचा इतिहास सांगताना हे अपघात आधी आठवले पाहिजेत, कारण माणसाला तिथून पूर्णपणे हलवण्याची निकड त्यांनीच दाखवून दिली.

स्वीडनच्या किरुना खाणीत 1970च्या दशकापासून धातुकाच्या गाड्या नियंत्रणकक्षातून चालवल्या जात होत्या. तिथे रूळ होते, त्यामुळे वाट ठरलेली. रबरी टायरवरच्या लोडरला ती सोय नव्हती. 1990च्या दशकात कॅनडातल्या सडबरीला इन्को कंपनीने चालकांना खाणीबाहेर, जमिनीच्या वर बसवून कॅमेऱ्याच्या आधारे खालची यंत्रं चालवून दाखवली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी लेझर स्कॅनरने बोगद्याच्या भिंती वाचत स्वतः चालणारा लोडर तयार केला. जमिनीखाली जीपीएस पोचत नाही; भिंती हाच भरवशाचा आधार.

पण वाट सापडणं वेगळं आणि अडथळा ओळखणं वेगळं. त्या काळचे स्कॅनर एकाच पातळीत बघत. त्या पातळीच्या खाली पडलेला दगड किंवा वाकून काम करणारा माणूस त्यांच्या लेखी नव्हताच. 2004च्या सुमारास सँडविक या यंत्रनिर्मात्या कंपनीची ऑटोमाइनसारखी स्वयंचलित प्रणाली प्रत्यक्ष खाणींत येऊ लागली, तेव्हाही सुरक्षा मुख्यतः वेशीवरच राखली जायची. स्वयंचलित भागाच्या प्रत्येक तोंडाशी गेट किंवा प्रकाशकिरणांचा अडसर असायचा आणि कोणी तो ओलांडला की आतली यंत्रं थांबायची. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. त्या वेळच्या सेन्सरवर माणसाचा जीव सोपवणं योग्य ठरलं नसतं. मात्र याची किंमतही होती. सुरुंग भरणारे, सर्व्हेवाले किंवा मेकॅनिक आत गेले की सगळा भाग ठप्प.

माणूस ओळखण्याचं तंत्र वाढलं ते दुसरीकडे, जिथे माणूस आणि यंत्र वेगळे करताच येत नव्हते. अमेरिकेच्या कोळसा खाणींत कंटिन्युअस मायनर या कोळसा कापणाऱ्या यंत्रांनी चिरडून 1984पासूनच्या तीन दशकांत तीसहून अधिक कामगार दगावले. नायॉश या संशोधन संस्थेने यंत्राभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी हॅसार्ड ही रचना विकसित केली. कामगाराच्या अंगावरचं उपकरण त्या क्षेत्राची तीव्रता मोजतं आणि त्यावरून अंतराचा अंदाज घेतं. धूळ किंवा आड आलेला कोळसा त्याला अडवत नाही, पण जवळून विजेची केबल गेली की तेच क्षेत्र तिच्यावाटे भलतीकडे पसरतं. जानेवारी 2015मध्ये अशा बहुतेक कापणी यंत्रांवर जवळीक ओळखून थांबवणारी प्रणाली टप्प्याटप्प्याने सक्तीची करणारा नियम तिथे जाहीर झाला. दक्षिण आफ्रिकेनेही 2015मध्ये खाणवाहनांसाठी टक्कर टाळण्याचे नियम आणले. डिझेल वाहनाने आपोआप वेग कमी करून थांबावं, हे त्यातलं सर्वांत अवघड कलम लागू व्हायला डिसेंबर 2022 उजाडला. निव्वळ भोंगा वाजवणं आणि स्वतः ब्रेक लावणं यांत किती अंतर आहे, हे या सात वर्षांवरून कळतं.

दरम्यान 2016मध्ये व्होल्वोचा चालकरहित ट्रक स्वीडनच्या क्रिस्टिनेबर्ग खाणीत जमिनीखाली 1,320 मीटरवर धावला. परिसराचा प्रत्येक भाग किमान दोन सेन्सरच्या नजरेत राहील अशी त्याची रचना होती. हा दुहेरीपणा चैन नव्हे. धूळ आणि पाण्याचे तुषार लिडारला, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला, भिंतीसारखे भासतात आणि यंत्र विनाकारण थांबतं. रडार धुळीपलीकडे बघतो, पण बोगद्यातल्या भिंती, लोखंडी जाळ्या आणि बोल्ट यांचे असंख्य प्रतिध्वनी त्याच्याकडे परत येतात. 2017मध्ये आयएसओ 17757 हे स्वयंचलित खाणयंत्रांच्या सुरक्षेचं मानक आलं, 2019मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली.

वळणाचा प्रश्न मात्र सेन्सर सुधारून सुटत नाही. ओल्या उतारावर भरलेला ट्रक थांबायला जेवढं अंतर लागतं, तेवढं पुढचं दिसलं पाहिजे. आणि वळणापलीकडचं कुठल्याच लिडारला दिसत नाही. तिथे कामगाराच्या अंगावरचा रेडिओ टॅग उपयोगी पडतो. पण छतातून निखळून वाटेत पडलेल्या दगडाला टॅग नसतो, आणि टॅग न लावता आत आलेल्या माणसालाही नसतो.